अँजिओप्लास्टीनंतरची रात्र



भांडुपच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांची अँजिओग्राफी ठरली आहे आणि अडथळा सापडला तर त्याच बैठकीत फुगा फुगवून स्टेंट बसवायचा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या लिहितात, "कागदपत्रे झाली, पैशांची सोयही झाली. पण नंतर वडिलांच्या उशाशी मी एकटीच असणार. तिथे बसून मी नेमके काय करायचे, हे मला कोणी सांगितलेले नाही."

हे पत्र वाचले आणि आमच्या दाजींची ती रात्र आम्हाला आठवली. या सदरात आम्ही ती आजवर लिहिली नव्हती, कारण त्या रात्री चूक आमची होती. आज लिहितो.

दाजी म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान. छापखान्यात बाइंडिंगचे काम करून निवृत्त झालेले, अबोल, कोणाला त्रास द्यायचा नाही अशा स्वभावाचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून त्यांना दाखल केले आणि उजव्या जांघेतून नळी घालून स्टेंट बसवला. दुपारी चार वाजता त्यांना वॉर्डात आणले. डॉक्टर म्हणाले, "ब्लॉक निघाला, काळजी करू नका." ताईने पदराने डोळे पुसले. आम्ही घरी फोन करून सांगितले की, काम झाले.

काम झाले, ही आपली समजूत. ऑपरेशनच्या दाराबाहेर आपण जीव मुठीत धरून बसतो आणि दार उघडले की सैल पडतो. वास्तविक जांघेतून नळी घातलेल्या रोग्याच्या बाबतीत दार उघडल्यानंतरचे काही तास फार जागरूकतेचे असतात. हृदयात काय झाले ते डॉक्टरांनी पाहिलेले असते. जांघेत काय होणार आहे ते अजून व्हायचे असते.

रात्री आठच्या सुमारास दाजींच्या जांघेतली ती छोटी नळी, तिला तिथे शीथ म्हणतात, डॉक्टरांनी काढली आणि वीस मिनिटे हाताने दाबून धरून वर घट्ट पट्टी बांधली. सिस्टरने आम्हाला बजावले, "काकांनी हा पाय दुमडायचा नाही. उठून बसायचं नाही. सहा तास तर नाहीच, आणि नंतरही मी सांगेपर्यंत नाही." आम्ही मान डोलावली. सरकारी परिपत्रक वाचून जशी सही करतो तशी.

साडेअकराला दाजींना लघवीला लागली. सिस्टर पॉट देऊन गेली. पण आडवे पडून त्यांना होईना, आणि पलीकडच्या खाटेजवळ बायामाणसे होती, त्यामुळे ते संकोचून गेले. "जरा उठवा मला, बसून होईल," असे ते हळूच म्हणाले. आम्ही त्यांच्या पाठीखाली हात घातला, गुडघा दुमडून त्यांना टेकून बसवले, आजूबाजूला चादरीचा आडोसा केला. लघवी झाली. दाजींनी सुटकेचा श्वास टाकला. वॉर्डात थंडी वाजत होती म्हणून ताईने ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून दिले. आपण मोठे सेवेचे काम केले, अशा समाधानात आम्ही स्टुलावर बसलो.

पाव तासाने दाजी म्हणाले, "खाली ओलं लागतंय."

ताई म्हणाली, "पॉट सांडलं असेल. सिस्टरला कशाला उठवायचं, सकाळी चादर बदलू." आम्हीही तेच म्हटले. वाचकहो, आपल्यासारख्यांच्या या 'कशाला' ची आम्हाला आता भीती वाटते. मोठ्या दवाखान्यात आपण आवाज खाली ठेवून वावरतो. फुकटात उपचार मिळताहेत, त्यात आणखी मागणे कसे करायचे, असे मनात असते. सिस्टर ओरडेल असेही वाटते. सिस्टर ओरडली तर दोन मिनिटांत विसरता येते.

थोड्या वेळाने दाजी जांभया देऊ लागले. कपाळाला घाम आला होता, तो गार लागत होता. झोप येत असेल, असे आम्हाला वाटले. तेवढ्यात रक्तदाब घ्यायला सिस्टर आली. तिने दाजींच्या चेहऱ्याकडे पाहिले, यंत्राला हातही लावला नाही, सरळ ब्लँकेट बाजूला फेकले. खालची चादर लाल झाली होती.

पुढे जे घडले ते आम्ही उभे राहून पाहिले. तिने पट्टी सोडवली, दोन्ही हातांची बोटे जांघेत रोवली आणि अंगाचा भार देऊन दाबले. दाबता दाबताच दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, डॉक्टरांना बोलवायला सांगितले, सलाईन जोरात सोडायला लावले, पायाकडची बाजू उंच करायला लावली. पंचवीस मिनिटे ती तशीच उभी होती. अंगकाठी किरकोळ, बोलण्यावरून लातूरकडची असावी. घामाने तिचा चेहरा ओला झाला, तरी हात ढळला नाही. रक्त थांबले. रक्तदाब वर आला. त्यानंतर ती आमच्याकडे वळून एवढेच म्हणाली, "कोणी उठवलं यांना?"

आम्ही म्हणालो, "आम्हीच."

त्यावर तिने आम्हाला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी संपल्यावर आम्ही तिला दहा मिनिटे मागून घेतली, आणि तिने जे सांगितले ते वहीत उतरवून घेतले. पुढे आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडूनही ते तपासून घेतले. भांडुपच्या भगिनींनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्या वहीतले आहे.

आधी हे समजून घ्या की रक्त येते कशाने. जांघेतली धमनी ही करंगळीच्या जवळपास जाडीची, हृदयातून जोराने आलेले रक्त वाहून नेणारी मोठी वाहिनी. तिला दोन-अडीच मिलिमीटरचे भोक पाडून नळी हृदयापर्यंत सरकवतात. आत गुठळी होऊ नये म्हणून त्याच वेळी हेपारिन देतात. शिवाय ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या दिलेल्या असतात. म्हणजे ज्या रक्ताने गोठून ते भोक बुजवायचे, त्यालाच आपण गोठू नको म्हणून सांगितलेले असते. म्हणूनच शीथ लगेच न काढता हेपारिनचा जोर उतरेपर्यंत काही तास थांबतात. भोकावर जी खपली धरते ती ओल्या गिलाव्यासारखी असते. गुडघा दुमडला, उठून बसले, खोकला आला, शौचाला जोर केला की ती निघते. म्हणून पाय सरळ. उशाकडची बाजू थोडी वर केली तर चालते, पण तीस अंशांच्या वर नाही. डोकेही उचलायचे नाही, कारण डोके उचलताना पोटाचे स्नायू ताठतात आणि जांघेवर ताण येतो. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले तर पट्टीवर तळहात दाबून धरायचा. पाणी पाजायचे तर वाकणाऱ्या नळीने.

किती तास, हे नळीच्या जाडीवर, औषधांवर आणि भोक कशाने बंद केले यावर अवलंबून असते. कोणाला चार तास सांगतात, कोणाला सहा, कोणाला रात्रभर. शेजारच्या खाटेवरचा उठला म्हणून आपल्याही माणसाने उठायचे नाही. आपल्या सिस्टरला विचारायचे आणि तिने सांगितलेली वेळ कागदावर लिहून ठेवायची.

आता सिस्टर काय पाहते ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही पाहता येईल. पहिला तासभर ती दर पंधरा मिनिटांनी येते, मग अर्ध्या तासाने, मग तासाने. नाडी आणि रक्तदाब घेते. पट्टी पाहते. पट्टीच्या भोवती मांडी चाचपते, कारण रक्त बाहेरच येते असे नाही. कातडीखाली साठले तर तिथे टणक गोळा लागतो, दुखतो, वाढत जातो. असा गोळा दिसला तर ती त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढते. अर्ध्या तासाने गोळा रेघेच्या बाहेर गेला की कळते, वाढतो आहे. दाजींच्या मांडीवर अशी निळी रेघ सकाळी आम्ही पाहिली. नंतर ती पाऊल चाचपते. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी लागते. ती नळी घालण्यापूर्वी कशी होती आणि आता कशी आहे हे ती ताडून पाहते. पाऊल गार पडले, पांढरे किंवा निळसर झाले, मुंग्या आल्या, बोटे हलवता येईनात, तर धमनीत गुठळी अडकली असण्याचा संभव असतो. पट्टी फार आवळली असली तरी असे होते.

आम्ही पेशाने कारकून. खाटेच्या पायथ्याशी लटकलेला तो तक्ता आम्हाला आमच्या रोजकीर्दीसारखा वाटला. वेळ, नाडी, दाब, पट्टी, पाऊल, सही. रोजकीर्दीत एका नोंदीकडे पाहून काही कळत नाही, ओळीने दहा नोंदी पाहिल्या की कुठे पैसा गळतो ते दिसते. नाडी ७२, ७६, ८८, १०४ आणि वरचा दाब १३०, १२०, १०४, ९० अशी नोंद चालली असेल, तर बाहेर एक थेंब न दिसताही आत रक्त जात असते. आमच्या या अवजड उदाहरणाला वाचकांनी हसावे, हरकत नाही.

असा आतला रक्तस्राव पोटाच्या मागच्या बाजूलाही होतो, आणि तो अधिक फसवा. पट्टी कोरडी असते, मांडी मऊ असते, पण रोगी म्हणतो, कंबर दुखते, कुशीत दुखते, ओटीपोट भरल्यासारखे वाटते. इतका वेळ उताणे पडल्यावर कोणाचीही कंबर दुखणारच, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. आपण त्यावर मत बनवायचे नाही. कंबर दुखते म्हटले की सिस्टरला सांगायचे. त्याबरोबर घाम, घाबरे होणे, चेहरा फिका पडणे असेल तर धावत जाऊन सांगायचे.

ज्या दोन गोष्टी आम्ही त्या रात्री ओळखल्या नाहीत, त्या म्हणजे जांभया आणि गार घाम. दाब उतरू लागला की माणूस असा होतो. शीथ काढतानाही कधी कधी असेच होते, पण ते रक्त गेल्याने नव्हे. जांघेत दाबल्याने आणि दुखल्याने नाडी एकदम मंद होते, दाब कोसळतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यावर पाय उंच करून, सलाईन आणि ॲट्रोपिनचे इंजेक्शन देऊन ते लवकर सावरतात. दोन्हींतला फरक ओळखणे आपले काम नाही. हाक मारणे आपले काम आहे.

आणि ब्लँकेट. जांघ झाकायची नाही, हा त्या सिस्टरने सांगितलेला सर्वांत साधा नियम. थंडी वाजत असेल तर अंगावर आणि पायांवर वेगवेगळे पांघरूण घाला, पण पट्टी नजरेसमोर ठेवा. लाज राखायला पातळ कापड असू द्या आणि दर थोड्या वेळाने ते उचलून पाहा. पाठीखालीही हात फिरवा, कारण उताण्या माणसाचे रक्त खाली ओघळते आणि पट्टी वरून कोरडी दिसते. ओले लागले तर ते लघवी आहे की रक्त हे दिवा लावून पाहा.

सिस्टर येईपर्यंत रक्त वाहताना दिसले तर? हाक मारा आणि दाबा. कातडीवरच्या छिद्राच्या किंचित वर, पोटाच्या दिशेने, कारण धमनीतले भोक कातडीवरच्या भोकाच्या थोडे वर असते. हातमोजे किंवा स्वच्छ कापड असेल तर उत्तम. सतत दाबा. थांबले का ते पाहायला मधूनमधून हात उचलू नका.

येथे थोडे विषयांतर करतो. माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेण्याचा गाजलेला प्रयोग १९२९ साली जर्मनीत, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात झाला. वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरला वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या किल्ल्या होत्या गेर्डा डिट्झेन या नर्सकडे. तिला त्याने पटवले, तर ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधले आणि तिच्या नकळत स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी आत सरकवली. मग तिला सोडवून दोघे खाली क्ष-किरण विभागात चालत गेले आणि नळी हृदयात पोचल्याचे चित्र काढले. फोर्समनला १९५६ साली आणखी दोघांबरोबर नोबेल मिळाले. अँजिओप्लास्टीचा फुगा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७७ साली, झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगवला. त्या नर्सचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे लिहिले.

आता बहुतेक ठिकाणी मनगटातून नळी घालतात. कॅनडातल्या लुसियाँ काम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी केल्याचे प्रसिद्ध केले आणि १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. मनगटाची धमनी बारीक आणि हाडावर टेकलेली, त्यामुळे दाबायला सोपी. रक्तस्राव कमी होतो आणि रोगी लवकर उठून बसू शकतो, संडासला स्वतः जाऊ शकतो. दाजींच्या वेळी मनगटाची धमनी फारच बारीक आणि वाकडी निघाली म्हणून जांघ निवडावी लागली. तुमच्या वडिलांना कोणती वाट घेणार आहेत, हे आधीच विचारून ठेवा.

मनगट असेल तर काळजी थोडी वेगळी. तिथे हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात आणि सिस्टर तासा-दोन तासांनी त्यातली हवा थोडी थोडी काढते. आपण पट्ट्याला हात लावायचा नाही. बोटे गुलाबी आणि उबदार आहेत ना, अंगठा बधिर होत नाही ना, हे पाहायचे. पट्ट्याच्या वर, कोपराच्या दिशेने, हात सुजून ताठ होऊ लागला आणि दुखू लागला तर लगेच सांगायचे, कारण तिथे आतल्या आत रक्त साठले तर हाताचे स्नायू दाबले जातात. त्या हाताने टेकू देऊन उठायचे नाही, त्या हाताने भाकरी मोडायची नाही. त्या हातावर रक्तदाबाचा पट्टाही बांधू देऊ नका. कोणी बांधायला आले तर नम्रपणे आठवण करून द्या.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. धमन्या क्ष-किरणात दिसाव्यात म्हणून जो डाय सोडतात तो लघवीवाटे बाहेर जातो. मधुमेही, वयस्क आणि मूत्रपिंड आधीच अशक्त असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून सलाईन देतात, पाणी प्यायला सांगतात आणि लघवी मोजतात. आमच्या ताईने स्वच्छतेच्या भरात पॉट दोनदा परस्पर ओतून आणले, तेव्हा मात्र सिस्टर खरोखर रागावली. लघवी किती झाली हा तिच्या तक्त्यातला आकडा असतो. मोजल्याशिवाय ओतू नका. पाणी किती पाजायचे हे विचारा, कारण ज्यांचे हृदय फार अशक्त आहे त्यांना जास्त पाणीही सोसत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना ती ४८ तास बंद ठेवून, क्रिएटिनीन तपासून मग पुन्हा सुरू करायला सांगतात. आणि दुखते म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली कोणतीही वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नका. डायमुळे अंगाला खाज, पित्त उठल्यासारखे चट्टे, ओठ सुजणे, धाप लागणे असे झाले तरी तत्काळ सांगा. पूर्वी कधी असे झाले असेल तर ते ऑपरेशनपूर्वीच सांगायचे.

छातीत पुन्हा दुखले, तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली, एका बाजूचा हात उचलेना, तर पट्टी-बिट्टी सोडून आधी हे ओरडून सांगायचे. क्वचित होते, पण तिथे मिनिटे मोजावी लागतात.

आता घर. रुग्णालयाचा कागद म्हणतो, 'आठवडाभर जड वजन उचलू नये, जिने टाळावेत, उकिडवे बसू नये.' हा कागद लिहिणाऱ्याने आपल्या चाळी पाहिल्या नसाव्यात. ताईचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संडास सामाईक, तोही उकिडवे बसण्याचा. पाणी सकाळी पाऊण तास येते आणि हंडे भरण्याचे काम दाजींचे. आम्ही दाजींना चार दिवस आमच्याकडे तळमजल्यावर ठेवले. मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते ती एका मित्राकडून मागून आणली. ज्यांना असे करता येत नाही त्यांनी निदान एवढे करावे. जिना दिवसातून एकदाच, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबून, आधी चांगला पाय टाकून. हंडा, सिलिंडर, नातवंड, काहीही उचलायचे नाही. चार-पाच किलोच्या वर तर नाहीच. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून डॉक्टरांकडून औषध मागून घ्यावे, त्यात लाज नाही. दुचाकीला किक मारायची नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून अंघोळ चालते, पण जखम चोळायची नाही आणि हळद, तेल, राख असले काही तिथे लावायचे नाही.

जांघेत काळेनिळे दिसले तर घाबरू नका, ते हळूहळू मांडीवर उतरते आणि पिवळे होऊन जाते. वाटाण्याएवढी गाठ लागणेही चालते. पण गाठ मोठी होत चालली, तिच्यावर बोट ठेवले तर नाडीसारखी उडते असे वाटले, तर ती धमनीच्या भिंतीबाहेर साठलेल्या रक्ताची पिशवी असू शकते. ती डॉपलर तपासणीत कळते आणि तिच्यावर उपचार आहेत. शेक देऊन किंवा चोळून ती जात नाही. ताप, लाली, पू, पाय गार पडणे, यांसाठीही पुढच्या तारखेची वाट न पाहता जायचे. घरी रक्त सुरू झालेच तर रोग्याला जमिनीवर सपाट निजवा, दाबून धरा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. रिक्षात बसवून नेऊ नका. बसले की जांघ दुमडते.

आणि गोळ्या. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना स्टेंट बसवल्यावर दोन महिन्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक त्यांनी मनानेच बंद केली. त्यात पैसे वाचतात हाही विचार होता, ते त्यांनी नंतर कबूल केले. दहाव्या दिवशी स्टेंटमध्ये गुठळी होऊन त्यांना पुन्हा झटका आला. ते वाचले, पण आता जिना चढताना मध्ये बसतात. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर शरीराचे अस्तर चढेपर्यंत रक्त तिला परके समजते. ॲस्पिरिनबरोबरची दुसरी गोळी, मग ती क्लोपिडोग्रेल असो वा टिकाग्रेलॉर, झटका येऊन गेलेल्यांना साधारणपणे वर्षभर घ्यावी लागते. इतरांना किती महिने, ते डॉक्टर ठरवतात. दात काढायचा असेल तरी दंतवैद्याच्या सांगण्यावरून ती थांबवायची नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचे. पैशांची अडचण असेल तर तेच औषध जेनेरिक नावाने जनऔषधि केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की महागडी कंपनी परवडत नाही. गोळी बंद करून कळवण्यापेक्षा ते बरे.

भांडुपच्या भगिनींनो, रुग्णालयात जाताना एक वही, पेन, छोटी विजेरी आणि वाकणारी नळी बरोबर घ्या. वडील घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका, आयुर्वेदिक पुड्याही. वडिलांना घरीच दोन दिवस आधीपासून आडवे पडून पॉटमध्ये लघवी करण्याचा सराव करायला सांगा. ऐकायला विचित्र वाटते, पण दाजींना तो असता तर ती रात्र तशी गेली नसती. तुम्ही मुलगी म्हणून त्यांना संकोच वाटत असेल तर तेवढ्यापुरते एखाद्या भावाला किंवा वॉर्डबॉयला बोलवा. शक्य असेल तर रात्री जागायला दोघे राहा, पाळीपाळीने. वॉर्डात सोबतीला एकालाच परवानगी असेल तर सिस्टरला आधीच सांगा की, मी एकटी आहे, मला कशावर लक्ष ठेवायचे ते सांगा. एकेका सिस्टरकडे बऱ्याच खाटा असतात. असे विचारणारा नातेवाईक तिला नकोसा होत नाही, असे आमच्या त्या लातूरकडच्या सिस्टरने आम्हाला सांगितले आहे.

दाजी ठीक आहेत. हंडे आता भाचा भरतो.

पुढील अंकात मधुमेही व्यक्तींनी पायांची निगा कशी राखावी याविषयी लिहू. वाचकांनी आपले प्रश्न साध्या पोस्टकार्डावर पाठवले तरी चालतील. भांडुपच्या भगिनींनी वडिलांची खुशाली अवश्य कळवावी.